श्रीवर्धन-दिवेआगरची वाडी आणि आमचे वावर

मालेगाव तालुक्यातील आमचे एक जुने सभासद दिवाळीनंतर कचेरीत आले व त्यांनी आमच्यापुढे जो प्रश्न टाकला तो प्रथम ऐकताना आम्हांस थट्टेचा वाटला. त्यांचे म्हणणे असे की, वय साठीच्या पुढे गेले, मुले पुण्या-मुंबईस चाकरीस लागली, सालदार मिळत नाही, सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही. तेव्हा वावरापैकी पाच एकर विकून कोकणात समुद्रकाठी नारळी-पोफळीची लहानशी वाडी घ्यावी, सकाळ-संध्याकाळ वाळूवर फिरावे आणि राहिलेले आयुष्य तेथे काढावे, हे योग्य की अयोग्य? त्यांच्या कुटुंबास ही कल्पना मुळीच पसंत नव्हती, आणि निकाल आम्ही द्यावा असे उभयतांनी परस्पर ठरवून टाकले होते.

जमीन विकण्याचा सल्ला ऐकीव माहितीवर देता येत नाही. म्हणून माघ महिन्यात, तूर खळ्यावरून घरी आल्यावर, त्या उभयतांस बरोबर घेऊन रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन व दिवेआगर या दोन गावी आम्ही आठ दिवस राहून आलो. तेथे जे पाहिले व ऐकले ते वाचकबंधूंपुढे ठेवीत आहोत. कारण असा विचार मनात घोळविणारे आमच्या जिल्ह्यात हे एकच गृहस्थ नसावेत.

वाशिम जिल्ह्यास समुद्र नाही हे कोणास सांगावयास नको. तथापि समुद्राशी आमचा काहीच संबंध नाही असेही नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या माथ्यावरून पाण्याची वाटणी होते. पैनगंगा, अरुणावती व अडाण यांचे पाणी वर्धा-गोदावरीवाटे पूर्वसमुद्रास जाते, आणि काटेपूर्णेचे पाणी पूर्णा व तापी यांतून सुरतेजवळ पश्चिमसमुद्रास मिळते. एकाच जिल्ह्यावर पडलेला मृगाचा पाऊस दोन समुद्रांस वाटला जातो. मात्र तो पाहणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कित्येकांनी दोहोंपैकी एकही समुद्र पाहिलेला नसतो. ज्यांनी पाहिला त्यांनी मुंबईची चौपाटी पाहिली, फार तर अलिबाग, गणपतीपुळे किंवा गोवे. श्रीवर्धनचे नाव काढले की आमच्याकडील मंडळी सुपारीची आठवण करतात, गावाची करीत नाहीत.

प्रवास आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या आमच्याच तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जून महिन्यात भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पुरा झाला. तेथून पनवेल, मग गोव्याकडील हमरस्त्याने माणगाव, आणि माणगावाहून म्हसळ्यावरून श्रीवर्धन. आगगाडीने जाणाऱ्यासही कोकण रेल्वेचे माणगाव हेच सोयीचे स्थानक होय. म्हसळ्यापुढे घाटाची वळणे सुरू झाली आणि आमच्या सभासदांच्या कुटुंबाने डोळे मिटून घेतले. ते त्यांनी उघडले तेव्हा खाली माडांचे शेंडे आणि त्यांच्यापलीकडे पाण्याची रेघ दिसत होती. "एवढं पाणी, आणि पेरणीला एक थेंब कामाचा नाही," हे त्यांचे समुद्राविषयीचे पहिले उद्गार आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो.

श्रीवर्धन हे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखातील गाव. १९४८ साली ते संस्थान विलीन झाले. १७१३ साली पेशवेपदाची वस्त्रे मिळालेले बाळाजी विश्वनाथ भट याच गावचे. त्यांच्या घराण्याकडे येथील देशमुखी होती आणि सिद्दीच्या जाचामुळे त्यांस घाट चढून देशावर यावे लागले. म्हणजे वाडी सोडून घाटावर जाण्याची वाट येथे तीनशे वर्षांहून जुनी आहे. आमचे सभासद त्याच वाटेने उलटे उतरू पाहत होते. दिवेआगर त्याहूनही प्राचीन. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील दिवेआगरचा ताम्रपट मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांत गणला जातो. आमच्या वाशिमासही १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला व त्यात एका गावाच्या दानाचा उल्लेख आहे. तेव्हा तांब्यावरील लेखाच्या बाबतीत तरी आम्ही कोणापुढे मान खाली घालावयास नको.

आता गावाची ठेवण सांगितली पाहिजे, कारण येथील राहणी सारी तिच्यावर अवलंबून आहे. पूर्वेस डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी भाताची खाचरे, त्यानंतर किनाऱ्यास समांतर जाणारा अरुंद रस्ता, रस्त्यास लागून घरे, घरांच्या पाठीमागे वाड्या, वाड्यांच्या टोकास सुरू व केवडा यांचा पट्टा, त्यापलीकडे वाळू आणि मग समुद्र. आमच्या गावी घरे एकीकडे आणि वावरे दोन कोसांवर. येथे परसदार उघडले की माणूस शेतात उभा असतो. वाडीचा आकार लांब व अरुंद, घराच्या रुंदीएवढी पट्टी समुद्राकडे जात राहिलेली. भावाभावांत वाटण्या होताना ती लांबीनेच चिरली गेल्यामुळे कित्येक वाड्या इतक्या निमुळत्या झाल्या आहेत की आमच्या बंडीस तेथे वळावयास जागा मिळणार नाही.

ज्यांच्याकडे आमचा मुक्काम होता ते यजमान सत्तरी ओलांडलेले. त्यांची वाडी तीस गुंठ्यांची. हे ऐकून आमच्या सभासदांस प्रथम हसू आले, कारण तीस गुंठ्यांस आमच्याकडे कोणी शेत म्हणत नाही, धुऱ्याच्या भांडणात तेवढी जमीन सहज जाते. परंतु वाडीचा हिशेब जमिनीने करावयाचा नसतो. पोफळ नऊ-नऊ फुटांवर लावतात. त्या मानाने गुंठ्यास तेरा-चौदा, एकरास सुमारे पाचशे चाळीस पोफळी बसतात. माड पंचवीस-पंचवीस फुटांवर, म्हणजे एकरास सत्तरच्या आसपास. नीट जोपासलेला बाणवली जातीचा माड वर्षास ऐंशी ते शंभर नारळ देतो व ऐंशी वर्षे जगतो. पोफळीच्या खोडावर काळ्या मिरीचा वेल चढवितात, सावलीत जायफळ, दालचिनी, केळ व अननस लावतात. दापोलीस १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने हीच जुनी रीत मोजून-मापून सुधारली आणि तिला 'लाखी बाग' असे नाव दिले. उन्हाचा एकही कवडसा फुकट जाऊ द्यावयाचा नाही, हे तिचे सूत्र. पाच मजली घरात पाच भाडेकरी ठेवावेत तशी ही शेती आहे.

श्रीवर्धनची सुपारी 'रोठा' या नावाने ओळखली जाते. फळ मोठे, आत पांढरा गर अधिक, म्हणून खाणारा तिच्यासाठी चार पैसे जास्त देतो. येथे सुपारीवर काम करणारे विद्यापीठाचे संशोधन केंद्रही आहे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत पिकलेले घोस उतरवितात, सालीसकट महिना-सव्वा महिना उन्हात वाळवितात आणि मग सोलतात. आम्ही गेलो तेव्हा गावातील प्रत्येक अंगण नारिंगी रंगाच्या फळांनी भरलेले होते, आणि चालावयाचे म्हणजे त्यांच्या कडेकडेने चालावे लागत होते. पावसाळ्यात घोसांस कोळे रोग लागतो. फळे कुजून गळतात. त्यासाठी मृगापूर्वी एकदा व सव्वा-दीड महिन्याने पुन्हा मोरचूद-चुन्याचे एक टक्का बोर्डो मिश्रण थेट शेंड्यापर्यंत चढून फवारावे लागते. हा शेंडा चाळीस-पन्नास फुटांवर असतो, खोड मांडीएवढेही जाड नसते, आणि कुशल गडी एका पोफळीवरून खाली न उतरता झोका घेऊन दुसरीवर जातो. असे गडी आता गावात बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. त्यांची वेळ मिळविण्यासाठी यजमानांस जी आर्जवे करावी लागतात ती ऐकून आमच्या सभासदांस आपल्या सालदाराची आठवण झाली असावी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पाण्याची गोष्ट तर आम्हांस सर्वांत नवलाची वाटली. समुद्रापासून दोन-तीनशे पावलांवर विहीर, आणि पाणी गोड! याचे कारण असे की, वर्षास सुमारे तीन हजार मिलिमीटर पडणारा येथील पाऊस वाळूत मुरतो व हलका असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. आमच्याकडे पडतो तो साडेसातशे-आठशे; त्याच्या चौपट ही वृष्टी. परंतु ही तरंगती ठेव फार नाजूक आहे. भूजलशास्त्र्यांचा ढोबळ हिशेब असा की, गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली तर खालचे खारे पाणी चाळीस फूट वर येऊ पाहते. पूर्वी बैलाचा रहाट होता तेव्हा बैल थकला की उपसा थांबे. विजेचा पंप थकत नाही. शिवाय पाहुण्यांसाठी खोल्या बांधणाऱ्याने आंघोळीस, धुण्यास व हौदास पाणी काढावयास आरंभ केला की शेजारच्या वाडीतील विहीर मचूळ होऊ लागते. यजमान मे महिन्यात दररोज सकाळी विहिरीचे पाणी जिभेवर घेऊन पाहतात. आमच्याकडे विहीर आटते, येथे बिघडते. आणि बिघडलेली विहीर आटलेलीपेक्षा वाईट, कारण भरलेली दिसते आणि झाड मारते.

आता किनाऱ्याविषयी, कारण मूळ प्रश्न त्याच्यासाठीच निघाला होता. श्रीवर्धनचा किनारा स्वच्छ व सपाट वाळूचा. त्याच्या कडेस धूपप्रतिबंधक बंधारा असून त्यावर फिरावयास वाट व बसावयास जागा केली आहे. संध्याकाळी गावातील वृद्ध मंडळी तेथे ओळीने बसलेली असतात. जीवना बंदरावर कोळ्यांच्या होड्या लागतात, तेथे मासळीचा बाजार भरतो. शेखाडीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता दिवेआगरास नेतो. तेथील वाळू त्याहून लांब आणि पाठीमागे सुरूची राई. या राईतून चालताना पायाखाली सुयांची गादी व वर सतत एक सुस्कारा चाललेला असतो. शहरातील बागेत तिकीट काढून जाणाऱ्यास ही बाग फुकट आहे, पण ती बाग म्हणून लाविलेलीच नव्हे. वाडीवर येणारा खारा वारा अडविण्यासाठी लाविलेला तो कुंपणाचा भाग आहे. दक्षिणेस सावित्रीच्या मुखाशी हरिहरेश्वराचे क्षेत्र. तेथील प्रदक्षिणेची वाट खडकांवरून समुद्राच्या अंगाने जाते व ती ओहोटीतच करावयाची असते. पलीकडच्या तीरावरील वेळास गावी २००२ सालापासून समुद्री कासवांची घरटी राखण्याचे काम चालू आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब यजमानांनी आम्हांस एका वाक्यात शिकविला. चालू तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्र भरलेला असावयाचा. आम्ही नक्षत्रांवर पेरणी करणारी माणसे. ही रीत आम्हांस घड्याळापेक्षा जवळची वाटली. ओहोटीच्या वेळी पाण्यात शिरू नये, कारण पाणी माणसास आत ओढते. किनारा न पाहिलेल्या आमच्या तरुणांनी ही एवढी सूचना तरी ध्यानात ठेवावी.

राहण्याच्या दृष्टीने पाहता हिवाळा येथे स्वर्गाचा आहे. आमच्याकडील पहाटेची कडाक्याची थंडी नाही व दुपारचा चटका नाही. परंतु वर्षात हिवाळा एकच. चैत्रापासून अंगास जो घाम सुटतो तो वाऱ्यानेही वाळत नाही, हवेतील खारामुळे बिजागरी, कुलपे व पंपाचे नळ गंजतात. ज्येष्ठापासून चार महिने पाऊस. त्या दिवसांत पडवीस विणलेल्या झापांचा आडोसा बांधून माणसे आत बसतात. लोणच्याच्या बरणीपासून जमिनीच्या कागदांपर्यंत सर्वांवर बुरशी येते. मासेमारी पावसाळ्याचे दोन महिने बंद. ज्वारी येथे पिकत नाही. आमच्या सभासदांच्या कुटुंबाने पहिल्याच दिवशी चौकशी केली ती भाकरीच्या पिठाची, व तांदळाची भाकरी त्यांनी तीन दिवस मोठ्या सहनशीलतेने खाल्ली. गावातील तरुण मुंबईस. घरोघर एक वृद्ध जोडपे आणि बंद खोल्या. आमच्या सभासदांची मुले ज्या मुंबईस गेली त्याच मुंबईने ही घरेही रिकामी केली आहेत, ही गोष्ट आम्ही त्यांच्या नजरेस आणून दिली.

परंतु या सर्व गैरसोयी माणूस अंगवळणी पाडू शकतो. ज्या गोष्टीमुळे आमचे मत बनले ती निराळीच.

२०२० सालच्या जून महिन्याच्या ३ तारखेस दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. यजमान व त्यांचे कुटुंब माजघरात दाराशी पाठ लावून बसले होते. कौले उडाली ती पत्त्यांसारखी उडाली, असे ते म्हणाले. पण त्यांचे लक्ष कौलांकडे नव्हते. "पोफळ मोडताना बंदुकीसारखा बार होतो," ते सांगत होते. "मी मोजीत होतो. शंभरापुढे मोजणं सोडलं." माड वाऱ्याबरोबर वाकतो, फारच झाले तर मुळासकट आडवा होतो, पोफळीचे खोड सडपातळ व कडक, ती मध्यावर तुटते, आणि शेंडा गेलेली पोफळ पुन्हा फुटत नाही. संध्याकाळी दार उघडून पाहतात तो घरातून थेट समुद्र दिसत होता. सत्तर वर्षांच्या आयुष्यात परसदारातून त्यांनी समुद्र पाहिला तो त्या दिवशी प्रथम. चारशेच्या आसपास पोफळींपैकी साठ-सत्तर उभ्या राहिल्या, बारा माड पडले, आणि किनाऱ्यावरील सुरूही जागोजाग उन्मळून पडले. केवडा व जुनी उंडीची झाडे मात्र टिकली, असे त्यांचे निरीक्षण आहे. वीज कित्येक दिवस नव्हती, म्हणून वाचलेल्या झाडांवर विहिरीचे पाणीही चढविता येईना. सुदैवाने पाऊस लागला.

नुकसानीची मदत ठरविताना जो पेच पडला तो शेतीविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. बागायतीचा तत्पूर्वीचा दर हेक्टरी १८ हजार रुपये होता. तीस गुंठे म्हणजे हेक्टरचे सुमारे तीन दशांश. त्या मानाने आमच्या यजमानांच्या वाट्यास साडेपाच हजारही येत नव्हते. सरकारने दर वाढवून हेक्टरी ५० हजार केला, तेव्हा तीच रक्कम पंधरा हजार झाली. ओरड चालूच राहिली, कारण हेक्टर हे माप मुळी वाडीस लागूच पडत नाही. आणि मागाहून झाडांवर हिशेब करून नारळास २५० व सुपारीस ५० रुपये झाडामागे देण्याचे ठरले. साडेतीनशे झाडांखालील या हिशेबाने आकडा वीस हजारांच्या घरात जातो. झाड मोजण्याची रीत योग्य होती यात आम्हांस संशय नाही. परंतु पोफळ लावल्यापासून पाच-सात वर्षांनी पहिला तुरा टाकते आणि भर उत्पन्न येण्यास दहा-बारा वर्षे लागतात. पन्नास रुपयांत रोप मिळते. मधली वर्षे मिळत नाहीत.

आमच्याकडे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, उभा गहू व हरभरा आडवा झाला, आणि तो घाव ज्यांनी सोसला ते तो विसरलेले नाहीत. तरीही त्याच वर्षी मृगात तिफण पुन्हा वावरात गेली. वार्षिक पिकाच्या शेतकऱ्यावरील संकट वर्षाचे असते. यजमानांनी वादळानंतरच्या पावसाळ्यात पोफळीची रोपे लावावयास घेतली तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. त्यावर पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ किनाऱ्याने गेले व काही रोपे पुन्हा लावावी लागली. शिवाय पडलेली खोडे वेळीच हलविता न आल्यामुळे ती कुजली आणि त्यांत गेंड्या भुंग्याची पैदास झाली. वादळातून वाचलेल्या माडांचे कोंब त्याने पोखरले. शेणाच्या उकिरड्याप्रमाणेच कुजते खोड हे या भुंग्याचे घर होय. गडी नाहीत, खोडे शेकड्यांनी, आणि त्यांस गिऱ्हाईक नाही, अशा वेळी हे शास्त्र ठाऊक असूनही कोण काय करणार?

ज्यांच्या मुलांनी नोकऱ्या धरल्या होत्या त्यांपैकी काहींनी वाडीत पुन्हा पोफळ लाविलीच नाही. मोकळ्या झालेल्या पट्टीत न्याहारी-निवासाच्या खोल्या उभ्या राहिल्या. याबद्दल त्यांस दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही; खोलीचे भाडे पहिल्या महिन्यापासून येते. मात्र पाहुणा येतो तो सावली पाहावयास, आणि सावली पोफळीची असते. १९९१ साली निघालेली किनारा-नियमनाची अधिसूचना व तिच्या पुढील सुधारलेल्या आवृत्त्या यांमुळे भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येते यास बंधने आहेत. वाडी घेऊ इच्छिणाऱ्याने ती तालुक्याच्या कचेरीत समक्ष समजून घ्यावीत, दलालाच्या तोंडून घेऊ नयेत.

आमचा निकाल आम्ही सातव्या दिवशी, दिवेआगरच्या सुरूंत बसून दिला. पाच एकर विकू नयेत. ज्याने आयुष्यात एकही झाड चढून पाहिले नाही त्याने साठाव्या वर्षी चारशे झाडांची मालकी पत्करू नये. गडी मिळत नाही म्हणून वावर सोडणारास तेथेही गडीच मिळणार नाही. समुद्र हवा असेल तर पौष-माघात महिनाभर एखादी खोली भाड्याने घेऊन राहावे. त्यास येणारा खर्च पाच एकरांच्या हरभऱ्यातून निघतो. सभासद थोडे हिरमुसले. त्यांच्या कुटुंबाने मात्र तो निकाल ऐकलाच नाही. त्या आदल्या दिवसापासून यजमानांच्या पडवीत सुपारी सोलणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या होत्या, आणि त्यांची बोटे आता त्या कामास सरावली होती.

येथून काय आणावे, याचाही विचार आम्ही केला. रोठ्याची रोपे आणू नयेत. वैशाखातील आमचा कोरडा फुफाटा पोफळ सोसणार नाही, आणि हौसेने लाविलेले रोप तिसऱ्या उन्हाळ्यात जळाले की लोक कोकणास नावे ठेवतात. परंतु वाऱ्याचा आडोसा ही वस्तू आणण्यासारखी आहे. मंगरूळपीर व कारंज्याकडील संत्राबागांच्या पश्चिमेच्या धुऱ्यावर बहुधा काहीच नसते. कोठे एखादी बाभूळ. शेवरी, बांबू किंवा सुबाभूळ यांची दाट दुहेरी ओळ धरली तर तिच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर मोडतो. वीस फूट उंचीची ओळ दोनशे फुटांहून अधिक बाग राखते. सुबाभळीचे बी पसरते, तेव्हा शेंगा पिकण्यापूर्वी छाटणी केली पाहिजे. तसेच झावळ्या, पाने व नारळाची सोडणे आळ्यात पसरून ओल राखण्याची तेथील सवय घेण्यासारखी आहे. आमच्याकडे सोयाबीनचे कुटार व पऱ्हाटी धुऱ्यावर पेटविण्यात येते, ती बुंध्याशी घालावी.

निघताना यजमान वाडीच्या टोकापर्यंत पोहोचवावयास आले. वादळानंतर लाविलेल्या पोफळींपैकी विहिरीजवळच्या सात झाडांनी यंदा पहिले तुरे टाकले आहेत, ती त्यांनी एकेक करून दाखविली. आमच्या सभासदांनी त्या प्रत्येक झाडास हात लावून पाहिला. मग कुटुंबाकडे वळून म्हणाले, "घरी गेल्यावर यांना तुरीची डाळ पाठवायची आहे, आठवण ठेव." यजमानांच्या घरी मिळणारी डाळ त्या बाईंस पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती.

फाल्गुनात मालेगावहून पंचवीस किलो डाळ रवाना झाली. उलट आलेल्या पिशवीत सोललेली रोठा सुपारी होती, आणि पुढील पौषासाठी समुद्राकडील खोली राखून ठेवल्याची चिठ्ठी.